बर्फाचं आडनाव

बाईया ब्लांकातलं बटणांचं दुकान विकलं,
आजोबांचा दाढीचा ब्रश आणि बिनकाचेचे दोन फोटो
पेटीत भरले,
आणि या डोंगरावर राहायला आले
त्रेपन्नाव्या वर्षी.
लोक विचारतात, इथं कशाला?
मी म्हणते, आमचं गाव आहे.
‘आमचं’ म्हणताना जीभ लंगडते,
नवी चप्पल चावावी तशी.

आडनाव नेवोसो. म्हणजे बर्फाचा.
तिकडे त्या धुळीच्या, वाऱ्याच्या बंदरात
बर्फ म्हणजे मासळीवर फोडून घालतात तो.
तरी रविवारी, रश्शाची वाफ खिडकीला चिकटलेली असताना
आजोबा सांगायचे:
आपलं घराणं शिखरावरचं.
पडण्याआधी बर्फ आपली परवानगी घ्यायचा.
आम्ही पोरं मान ताठ करून जेवायचो.
शेजारच्या रुस्सोंची मुलं नुसतीच जेवायची.

कचेरीत एर्मिनियो बसतो:
शिक्के, डिंक, जर्मनीला गेलेल्या मुलाचा फोटो.
गावात माणसं एकशे बारा.
माझ्यामुळे एकशे तेरा झाली,
ते त्यानं पेन्सिलीनं लिहिलं.
मग जुनं बाड काढलं, फुंकर मारली,
बोट ओळीवरून चालवत नेलं
आणि एका जागी थांबवलं.
‘बाई,’ म्हणाला, ‘बसा आधी.’

अठराशे एकोणसत्तर, नऊ फेब्रुवारी.
पहाटे तीन वाजता चाक फिरले.
पुरुष बालक, वय अंदाजे एक दिवस.
अंगाभोवती मिठाच्या गोणीचे फडके,
गळ्यात अर्धे नाणे.
बाहेर बर्फ पडत होता.
सबब आडनाव: नेवोसो.

मठाच्या भिंतीत लाकडी चाक असायचं.
बाहेरून बाळ ठेवायचं, फिरवायचं,
आतून कुणी उचलायचं.
देणारीचं तोंड घेणारीला दिसत नसे.

तर हे आमचं शिखर.
एका कारकुनानं जांभई देत
खिडकीबाहेर पाहिलं असेल.
नुसतं धुकं असतं तर?
कुत्रं भुंकत असतं तर?

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी तर दुकान विकून विचारलं.

चाकाची जागा बघून आले.
त्या कोनाड्यात आता विजेचा मीटर आहे,
त्याचा तांबडा ठिपका उघडझाप करतो.
मी बराच वेळ उभी होते.
एक मांजर आलं, मला हुंगून गेलं.
अर्ध्या नाण्याचा दुसरा अर्धा
कुठल्या तरी कमरेला, कुठल्या तरी मातीत.
तो शोधायला कुठली कचेरी नाही.

संध्याकाळी एर्मिनियोनं रस्त्यातून हाक मारली.
पान उलटायचं राहिलं होतं.

मागच्या बाजूला हिशेब:
कार्मोसिना, मेंढपाळाची बायको,
हीस दूध पाजण्याबद्दल दरमहा पाच लिरे.
अठरा महिने ओळीत अंगठे.
पुढे पैसे बंद. मूल परत करण्याची तारीख कोरी.
आणि शेरा, शाई फुटलेला:
बाई म्हणते, राहू दे.

तिचा पणतू खालच्या आळीत. निकान्द्रो.
चीज करतो, कमी ऐकतो.
एर्मिनियोनं त्याच्या कानात ओरडून
दीडशे वर्षं सांगितली.
आळीतल्या दोन खिडक्या उघडल्या.
निकान्द्रो माझ्याकडे बघत राहिला,
शेळी विकत घेताना बघतात तसा, दातांकडे.
मी मनात नातं जुळवत होते:
त्याचा आजा माझ्या पणजोबाचा दूधभाऊ.
म्हणजे हा माझा कोण?
शब्द तिथवर पोचत नव्हता.

‘उत्तरेकडची खोली घेतलीत?’ तो म्हणाला.
‘फसवलं तुम्हाला. तिथं लाकूड फार लागतं.’

आत गेला तो बाहेर येईना.
आभाळ कौलांना टेकलं होतं.
आपण निघावं का, असं वाटायला लागलं
तेवढ्यात घरामागून खडखडत आली
एकचाकी हातगाडी,
ओकच्या सुक्या ढलप्यांनी भरलेली.

पैसे किती, मी विचारलं.
दोनदा विचारलं, मोठ्यानं.
त्याला ऐकू आलं नाही.